‘मॉन्स्टर वाढवा ना!’ हे पॉवर क्रीपचं उत्तर नाही

नमस्कार मंडळी! ‘दादा, पॉवर क्रीपवर बोला’ असं दर व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच. घ्या, बोलतो. व्याख्या पटकन उरकू. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्ट खेळायच्या खेळात नियमांचं नवं पुस्तक येतं, त्यातले क्लास (म्हणजे पात्रांचे प्रकार) आणि स्पेल (म्हणजे मंत्र) जुन्यापेक्षा जरा सरस असतात, आणि चार पुस्तकांनी मूळ पुस्तकातला फायटर, म्हणजे साधा लढवय्या, घेणारा माणूस बावळट दिसायला लागतो. नवं पुस्तक खपायचं तर ते जुन्यापेक्षा फिकं असून कसं चालेल? झालं. पुढे.

आता माझं खरं दुखणं. मागच्या व्हिडिओवर एकाने लिहिलंय, ‘पार्टी स्ट्राँग झाली तर डीएमने मॉन्स्टर वाढवावेत, सिंपल.’ (पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी; डीएम म्हणजे खेळ चालवणारा आणि मॉन्स्टर खेळवणारा, आमच्याकडे मी.) खाली लाइक्सचा पाऊस. अहो, सिंपल कसलं?

डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती 2014 ची. 2020 मध्ये ‘टाशा’चं पुस्तक (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) आलं, त्यात ट्वायलाइट क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारा एक पुजारी. दुसऱ्या लेव्हललाच तो तीस फूट त्रिज्येचं एक वलय लावतो. ते मिनिटभर, म्हणजे दहा राउंड टिकतं. आत जो कोणी आपला टर्न संपवेल त्याला टेम्पररी हिट पॉइंट, म्हणजे तात्पुरती जीवनशक्ती: एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) अधिक क्लेरिकची लेव्हल. म्हणजे डी-सिक्स अधिक दोन. आणि 2014 च्या पुस्तकातल्या गॉब्लिनच्या, म्हणजे चिल्लर राक्षसाच्या, तलवारीचं डॅमेज किती? डी-सिक्स अधिक दोन! गॉब्लिन मारतोय, वलय भरून देतंय. प्रत्येकाला, प्रत्येक राउंडला.

मग काय, वाढवा मॉन्स्टर! आमच्या कोथरूडच्या रविवारच्या टेबलवर गॉब्लिनच्या जागी ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, आले. तिसऱ्या लेव्हलची पार्टी, ओगरचा एक फटका सरासरी तेरा. वलयातल्यांचं निम्मं डॅमेज तिथेच जिरलं. पण आमचा रोग (आजार नव्हे, Rogue: चोरपावलांनी पुढे डोकावणारं पात्र) गेला होता पुढे टेहळणीला, वलयाबाहेर. त्याचे हिट पॉइंट वीस-एकवीस. दोन फटके, आडवा. आता सांगा, शिक्षा कुणाला झाली? ट्वायलाइटवाल्याला? तो मजेत वेफर्स खात होता.

बरं, रोग वलयातच थांबला असता तर? मग तो रोग कशाला घ्यायचा? सोसायटीच्या क्रिकेटमध्ये एक पोरगा क्लबला खेळणारा निघाला म्हणून सगळ्यांनाच लेदर बॉल टाकाल का? बाकीच्यांच्या बरगड्या जातील!

आणि समजा कुणीच मेलं नाही. तरी आमचा चॅम्पियन प्रकारचा फायटर बघा. तिसऱ्या लेव्हलला त्याला मिळतं काय, तर वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस पडला तरी क्रिट, म्हणजे जबर फटका. वीसातल्या एकाऐवजी दोन आकडे. तो बिचारा हिंजवडीहून चांदणी चौकाचं ट्रॅफिक सोसून येतो, आणि संध्याकाळभर दुसऱ्याचं वलय बघत बसतो. ओगर दोन आणा नाहीतर दहा, त्याला क्रिटचा आकडा काही जास्त मिळत नाही. खेळाडू डीएमशी तुलना करत नाही हो, शेजारच्या खुर्चीशी करतो! बिघाड तिथे आहे आणि तुम्ही गॉब्लिन मोजताय.

 

मी काय केलं? ट्वायलाइटवाल्याला सेशनआधी बाजूला घेतलं आणि वलयातून लेव्हल काढली, नुसता डी-सिक्स ठेवला. कुरकुरला, पण मानला. फायटरला एक चांगली जादूई तलवार दिली. त्या दिवशी पहिल्यांदा तो फोन खाली ठेवून खेळला. अंधार पडला की वलयवालाच अजूनही पार्टीचा आधार, फक्त आता गॉब्लिनही कधीमधी जखम करतो.

‘मग सिल्व्हरी बार्ब्सचं काय?’ हाही प्रश्न दहा वेळा आलाय. पहिल्या लेव्हलचा स्पेल, तोही रिअ‍ॅक्शनवर, आणि माझ्या ड्रॅगनचा यशस्वी सेव्ह (म्हणजे मंत्रातून वाचायचा फासा) परत फेकायला लावतो? आमच्याकडे बंद. हो, मी ड्रॅगनची बाजू घेतो. अनसबस्क्राइब करायचं तर करा.