जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात इन्स्टंट फिल्म

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा साधा बॉक्स कॅमेरा एके काळी अनेक मराठी घरांत होता आणि आजही तो कुठल्या ना कुठल्या कपाटात सापडतो. अशा साध्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रोलऐवजी इन्स्टॅक्स मिनी या, लगेच चित्र देणाऱ्या इन्स्टंट फिल्मची एकेक फिल्म बसवून छायाचित्रे काढता येतात. त्या प्रयोगाविषयी आज बोलणार आहे.

फिल्मची निवड विचारपूर्वक करावी लागते. पोलरॉइड कंपनीची इन्स्टंट फिल्म ज्या बाजूने प्रकाश घेते त्याच बाजूने चित्र दाखवते, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यात ती वापरली तर डावे-उजवे उलटते आणि दुकानाची पाटी वाचता येत नाही. १९७२ साली आलेल्या पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्यातला आरसा ही अडचण दूर करत असे. इन्स्टॅक्सची फिल्म मात्र पाठीमागून प्रकाश घेते आणि पुढून चित्र दाखवते. म्हणून तिची पाठ भिंगाकडे ठेवली की चित्र सरळ येते.

फिल्म पूर्ण अंधारातच बसवावी. ती रंगीत असल्याने लाल दिवाही चालत नाही. तिच्या रुंद पट्टीतल्या रसायनाच्या पुडीवर दाब पडू देऊ नये. चित्राची जागा ६२ गुणिले ४६ मिलिमीटर आणि कॅमेऱ्याची चौकट सुमारे ५६ मिलिमीटरची, त्यामुळे कडेला थोडी काळी पट्टी राहते. मला ती शोभूनच दिसते.

खरा कस लागतो तो प्रकाशाच्या बाबतीत. ही फिल्म ८०० आयएसओची, म्हणजे थोड्या प्रकाशातही चित्र टिपणारी, तर बॉक्स कॅमेरे घडवले गेले ते तिच्यापेक्षा कितीतरी मंद फिल्मसाठी. त्यांचे शटर साधारण सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहते आणि ते फारसे बदलता येत नाही, म्हणून भर उन्हात फिल्मवर गरजेच्या सोळा ते बत्तीस पट प्रकाश पडतो आणि चित्र पांढरे फटक होते. यावर सोपा उपाय म्हणजे काळ्या कागदाला बारीक गोल भोक पाडून तो भिंगाला लागून बसवणे. भोकाचा व्यास मूळच्या निम्मा केला तर प्रकाश चौथाई होतो, पाव केला तर सोळावा हिस्सा उरतो. शिवाय साध्या भिंगाच्या चित्राला अधिक रेखीवपणा येतो. कागद लावायचा नसेल तर व्हरांड्यातली सावली किंवा सूर्य कलल्यानंतरची वेळ निवडावी.

चित्र टिपल्यावर फिल्म अंधारातच रिकाम्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे ती ज्या डबीत येते त्या डबीत, ठेवावी, ते कार्ट्रिज इन्स्टॅक्स कॅमेऱ्यात घालावे आणि त्याचे भिंग नीट झाकून बटण दाबावे. रोलरांमध्ये पुडी फुटते, रसायन सारखे पसरते आणि सुमारे दीड मिनिटात चित्र उमटते. रोल धुऊन येईपर्यंत त्या दिवशीचे ऊन कसे होते हे विसरायला होते. इथे ते अजून समोर असते, आणि भोक किती लहान करायचे हे तिथेच ठरवून लगेच दुसरी फिल्म बसवता येते. म्हणूनच जुन्या कॅमेऱ्याचा स्वभाव ओळखण्यासाठी मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.