बहरीन : नागरिकांच्या निष्ठेवरचा संशय

१४ फेब्रुवारी २०११ रोजी बहरीनमध्ये निदर्शने सुरू झाली आणि लवकरच राजधानी मनामातील मोत्याच्या स्मारकाभोवती हजारो लोकांनी ठाण मांडले. राजघराणे सुन्नी, बहुसंख्य प्रजा शिया. तरी ‘ना सुन्नी, ना शिया, फक्त बहरिनी’ ही तेथील घोषणा होती आणि निवडून आलेले सरकार ही मागणी होती.

महिनाभराने, १४ मार्चला, सौदी अरेबियाचे सुमारे १,००० सैनिक राजघराण्याच्या मदतीला समुद्रावरचा किंग फाहद पूल ओलांडून आले. १८ मार्चला ते स्मारकच पाडण्यात आले. त्याच शुक्रवारी कतारची राजधानी दोहामध्ये, तिथल्या अल जझीरा वाहिनीमुळे अरब जगात घरोघरी पोहोचलेले धर्मगुरू युसूफ अल करदावी यांनी बहरीनचा उठाव जनतेचा नसून पंथीय असल्याचे सांगितले. याच करदावींनी बरोबर एक महिना आधी कैरोच्या तहरीर चौकात मुस्लिम आणि ख्रिस्ती इजिप्शियनांच्या एकजुटीचा गौरव केला होता. शियाबहुल इराणची अरबी वाहिनी अल आलमही काही निराळी नव्हती : बहरीनच्या निदर्शकांची बाजू तिने हिरिरीने मांडली, मात्र मित्रदेश सीरियातील निदर्शनांत तिला परकीय कारस्थान दिसले. अशा परराष्ट्र धोरणात माणसाचे नागरिकत्व मागे पडते आणि त्याचा पंथ तेवढा मोजला जातो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

कारण आपली निष्ठा बहरीनशी की इराणशी, या प्रश्नाचे उत्तर बहरीनच्या शियांनी फार पूर्वीच दिले होते. इराण बहरीनच्या बेटांवर हक्क सांगत असताना, १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने तेथील संस्था, संघटना आणि जनतेची मते जाणून घेतली, तेव्हा प्रचंड बहुमताचा कौल स्वतंत्र, सार्वभौम राष्ट्राच्या बाजूने होता, आणि बहुतेकांना ते अरब राष्ट्र म्हणूनच हवे होते. सुरक्षा परिषदेने ११ मे १९७० रोजी तो कौल मान्य केला.

२०११ च्या घटनांची चौकशी करण्यासाठी खुद्द राजे हमद यांनी नेमलेल्या शरीफ बासियूनी आयोगालाही, सरकारने दिलेल्या पुराव्यांवरून, त्या घटनांमागे इराणचा हात असल्याचे आढळले नाही. तरीही संशय सरला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ३१ जणांचे नागरिकत्व रद्द झाले. जून २०१६ मध्ये ज्येष्ठ शिया धर्मगुरू ईसा कासिम यांचेही काढून घेण्यात आले. स्वतंत्र बहरीनची पहिली राज्यघटना ज्या सभेने तयार केली, तिचे ते निर्वाचित सदस्य होते.