वीस कोटींतला एक रेणू

श्रोतेहो, नमस्कार. नखांवरचा रंग उतरवण्यासाठी जे अ‍ॅसिटोन वापरतात, त्याच्या रेणूत तीन कार्बन असतात आणि मधल्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो. हे त्याचे कीटो रूप. शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन ऑक्सिजनवर गेला आणि दुहेरी बंध दोन कार्बनांमध्ये सरकला, की त्याच रेणूचे ईनॉल रूप तयार होते. या अदलाबदलीला टॉटोमेरिझम म्हणतात. कॉनराड लार यांनी १८८५ मध्ये हे नाव दिले. इथे अणू खरोखरच जागा बदलतो, त्यामुळे ही दोन रूपे म्हणजे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. लुडविग नॉर यांनी १९११ मध्ये अ‍ॅसिटोअ‍ॅसेटिक एस्टर हे असेच दोन रूपांत असणारे संयुग उणे ७८ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून त्याची दोन्ही रूपे वेगवेगळी काढून दाखवली.

अ‍ॅसिटोनमध्ये मात्र ईनॉल जवळजवळ नसल्यातच जमा आहे. पाण्यातल्या द्रावणात साधारण वीस कोटी रेणूंमागे एक रेणू त्या रूपात सापडतो. मग त्याची दखल तरी का घ्यावी? याचे उत्तर आर्थर लॅपवर्थ यांच्या १९०४ मधील प्रयोगांतून मिळाले, आणि माझ्या मते सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी तो एक आहे. आम्लाच्या सान्निध्यात अ‍ॅसिटोनवर ब्रोमीनची क्रिया होते. ब्रोमीन वाढवले तर वेग वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. पण वेग अ‍ॅसिटोन आणि आम्ल यांच्या प्रमाणानुसार बदलला, ब्रोमीनच्या प्रमाणाचा त्यावर परिणाम झाला नाही. याचा अर्थ, आधी संथपणे ईनॉल तयार होते आणि ते तयार होताच ब्रोमीन त्याला गाठते, म्हणून ब्रोमीन कितीही असले तरी त्याला ईनॉलची वाट पाहावीच लागते. जो पदार्थ बाटलीत दिसत नाही, त्याचे अस्तित्व केवळ वेग मोजून असे सिद्ध झाले.

रेणूची बांधणी बदलली, तर हे प्रमाण पार उलटे होते. याचे उदाहरण आपल्या हळदीत आहे. सांगलीच्या बाजारात जिचे मोठमोठे सौदे होतात, त्या हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिनमुळे येतो. या रेणूत एका कार्बनाच्या दोन्ही बाजूंना कीटो गट, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन, येऊ शकतात. त्यांपैकी एक ईनॉल झाला, की त्याचा हायड्रोजन दुसऱ्या ऑक्सिजनशी बंध जोडतो आणि सहा अणूंचे स्थिर कडे तयार होते. म्हणून स्फटिकात आणि बहुतेक सेंद्रिय द्रावकांत कर्क्युमिन ईनॉल रूपातच आढळते. दोन्ही गट कीटो असते, तर मधल्या कार्बनापाशी एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी तुटली असती. ईनॉलमध्ये ती रेणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहते, त्यामुळे निळा-जांभळा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला दिसतो तो गडद पिवळा रंग.