पहिल्या आठवड्याचे दोन किलो

मंडळाने मला दिलेला विषय ‘भात-पोळी कमी केली आणि व्यायाम केला तर वजन किती उतरते’ असा आहे. त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी माझ्या घरच्या वजनकाट्याविषयीची एक जुनी तक्रार आपल्यापुढे मांडू द्या.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी भात, पोळी, साखर आणि आंबा हे सगळे एकदम सोडले (आमरसाच्या दिवसांत आंबा सोडणाऱ्याला आमच्या घरात काय म्हणतात, ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही) आणि पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला जाऊ लागलो. आठव्या दिवशी काटा ८४ वरून ८१.८ वर आला. मी आयुष्यभर गणित शिकवले असल्यामुळे लगेच त्रैराशिक मांडले, तर दिवाळीपर्यंत माझे वजन चाळीस किलोंच्या खाली जात होते! तरीही मी दोन पँटी शिंप्याकडे नेऊन कंबर आत घेतली. शिंपी अनुभवी होता. त्याने जादा कापड न कापता आत तसेच दुमडून ठेवले. पुढे एका लग्नात कढी आणि फोडणीचे तेल घालून वडाभात तीनदा घेतला, पटवडीचा रस्साही सोडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी काटा ८३.४ दाखवू लागला. शिंप्याने काही न विचारता उसवायला घेतले.

काटा खोटे बोलत नव्हता, तो पाणी मोजत होता. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने चारशे-पाचशे ग्रॅम पिष्टाचा साठा असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी बंद केली की हा साठा आधी खर्च होतो, त्याबरोबर ते पाणी आणि काही मीठही लघवीवाटे जाते. वडाभात पोटात गेला की साठा पुन्हा भरतो. चरबी या येण्याजाण्यात फारशी नसतेच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय चार मिनिटांत आटोपतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज पाचशेची तूट ठेवली तर कागदावर आठवड्याला अर्धा किलो उतरतो. प्रत्यक्षात पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी असतो. म्हणून ८० किलोंच्या माणसाने सहा महिन्यांत चार ते आठ किलोंची अपेक्षा धरावी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी पिष्ट खाणाऱ्यांचे वर्षभरात सरासरी ६ किलो उतरले आणि कमी स्निग्ध खाणाऱ्यांचे ५.३, हा फरक नगण्य ठरला. तासभर झपझप चालण्याने अडीचशे-तीनशे कॅलरी जातात, आणि परतताना तर्रीपोहे खाल्ले तर त्या तिथेच भरून निघतात. चालण्याबरोबर थोडे वजन उचलण्याचा व्यायामही ठेवा, म्हणजे चरबीबरोबर स्नायू फारसे झिजणार नाहीत; काटा अडला तरी कंबर टेपने मोजत राहा.

आणखी एक गोष्ट, जी खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवी होती : ज्यांना इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय उद्यापासून भात सोडू नये, कारण रक्तातली साखर एकाएकी धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.