दिवसा दिसणारा चंद्र

नमस्कार श्रोतेहो. घरात मुलं असतील तर त्यांना आत्ताच विचारून बघा, चंद्राच्या कला का होतात? बरीच मुलं सांगतील, पृथ्वीची सावली पडते म्हणून. ती सावली तर फक्त चंद्रग्रहणात पडते. हे त्यांना शिकवलेलं नसतं असं नाही, दोन मार्कांना आलेलं असतं, लिहून झालेलं असतं आणि विसरूनही झालेलं असतं.

आपण जनरल नॉलेज म्हणजे राजधान्या, पहिला कोण, सगळ्यात उंच काय, एवढंच धरून बसलोय. क्विझमध्ये पटापट उत्तरं देणाऱ्या मुलाला विचारा उन्हाळा का येतो, तर म्हणेल पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत सगळ्यात लांब, १५.२ कोटींवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. आता हा कल पुस्तकातल्या चित्रात असतो हो, पण त्याच चित्रात पृथ्वीची कक्षा तिरकी बघितल्यासारखी, चांगली लांबट काढलेली असते, खरी कक्षा जवळजवळ गोल आहे, मग ते चित्र बघून मुलाला वाटलं की पृथ्वी कधी खूप जवळ जाते कधी खूप लांब, तर त्यात त्याची काय चूक? मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या मुलाने चित्र नीट बघितलेलं असतं.

शिक्षकांना पोर्शन संपवायचा असतो, मान्य. पण चंद्राच्या कला दाखवायला अंधाऱ्या खोलीत सूर्य म्हणून एक बल्ब लावून, हात लांब करून चंद्र म्हणून चेंडू डोक्याच्या जरा वर धरून मुलांना जागच्या जागी गिरकी घ्यायला लावली तर चेंडूवरचा उजेड वाढताना आणि कमी होताना दिसतो, दहा मिनिटांचं काम आहे. आणि वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी आकाश मोकळं असलं की चंद्र पश्चिमेकडे कललेला अगदी स्पष्ट दिसतो, म्हणजे ऐन सकाळच्या शाळेच्या वेळी. तेव्हा वर्गाला सरळ मैदानात न्या, काही सांगू नका, फक्त सूर्य कुठे आणि चंद्र कुठे ते बोटाने दाखवायला सांगा. चंद्राची उजळ बाजू सूर्याकडेच आहे, हे कोणीतरी मूल आपणहून ओरडून सांगेल.