दवाखान्याच्या चुकाऱ्यातून कोण कापणार?

राम राम मंडळी!

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीत दाखला मागायला गेलो. सचिवानं आधी नमुना नऊ, म्हणजे कर कोणाकडे किती बाकी त्याचं रजिस्टर काढलं, बोट फिरवत माझ्या नावावर थांबला. "घरपट्टीचे 640 बाकी आहेत." भरले, पावती खिशात घातली, मग दाखला. राग आला, पण पद्धत पाहा किती सोपी: माणूस काही घ्यायला आला की जुनं वळतं करून घ्यायचं.

कास्तकाराला यात नवं काय? 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हा सोसायटीचं पीककर्ज कापसाच्या चुकाऱ्यातूनच कापलं जायचं. आमचे बाबा बंडीभर कापूस घालून घरी यायचे, तेव्हा हातात नोटांपेक्षा चिठ्ठ्याच जास्त!

आता हे पाहा. (मोबाईल कॅमेऱ्यापुढे) माझ्या मावसबहिणीचं पीएफचं पासबुक. तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. पगारातून दर महिन्याला पैसे कापतात, अन् इथे आठ महिने कोरे. पीएफ म्हणजे सरकारचा कर नव्हे, मान्य, पण वसुली सरकारी कार्यालयानंच करायची ना? त्याच दवाखान्याच्या दारात महात्मा फुले योजनेचा फलक, म्हणजे उपचार रुग्णाला मोफत अन् बिल सरकार दवाखान्याला देणार. आत योजनेच्या आरोग्यमित्राचं टेबल. एका खिडकीत नाव थकबाकीदारांत, दुसऱ्या खिडकीत त्याच नावाचा क्लेम मंजूर. खिडक्यांची एकमेकींशी ओळखच नाही.

अमेरिकेतही हाच घोळ होता. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः तिथल्या म्हाताऱ्यांची सरकारी आरोग्य योजना. 2008 मध्ये संसदेच्या लेखातपासनीसांनी याद्या जुळवल्या. 2006 च्या पहिल्या नऊ महिन्यांत मेडिकेअरचे पैसे घेतलेल्यांपैकी 27,000 हून जास्त, म्हणजे सुमारे 6 टक्के डॉक्टर-दवाखाने कर थकवून बसलेले! थकबाकी 2 अब्ज डॉलरच्या वर. त्यात नोकरांच्या पगारातून कापून खिशात ठेवलेला करही होता. ओळखीचं वाटतं ना? अन् सरकारी बिलातून 15 टक्के कापायची सोय 1997 च्याच कायद्यात होती, मेडिकेअर त्यात उतरलंच नव्हतं. 2008 मध्ये कायदा करून उतरवलं. मग 2014 ला मर्यादा 30 टक्के झाली, 2015 ला थेट 100.

आपल्याकडेही थकबाकीदाराला ज्याच्याकडून पैसे येणार, त्यालाच नोटीस द्यायची सोय जुनी आहे. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 226(3) त्यासाठीच घातलं होतं. पण नोटीस काढायला कोणीतरी आधी शोधावं लागतं, की याचं बिल कुठे निघणार आहे. ती जुळवाजुळव कॉम्प्युटरनं का होऊ नये?

शंभर टक्के कापा, असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता सिझेरियनची वेळ आली, तर तालुक्यात तोच दवाखाना उघडा असतो. शिवाय योजनेचे पैसे उशिरा येतात ही दवाखानेवाल्यांची तक्रार खोटी नाही. सरकारनं आपलं बिल वेळेवर द्यावं अन् त्यातून पंधरा-वीस टक्के कापावं, एवढं तर जमेल.

बहिणीला म्हटलं, पीएफ कार्यालयात तक्रार टाकू.

ती म्हणते, "थांब भाऊ, दिवाळीचा पगार हाती येऊ दे."