एक पिल्लू, दोन कायदे

(दृश्य: तपासणीचं टेबल. पाच महिन्यांचा गोल्डन रिट्रीव्हर, नर.)

पंजे बघा याचे. अंगाला शोभत नाहीत इतके मोठे. अजून बरंच वाढायचंय, हे पंजेच सांगतात. डॉक्टरांनी दात पाहिले, वजन घेतलं, मानेवरून स्कॅनर फिरवला. बीप. पडद्यावर १५ आकडे. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे. ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, तो कुणाचा आहे हे शोधायला फक्त नंबर देते. मालकानं फोन बदलला आणि नोंद तशीच ठेवली, तर त्या नंबराचा काडीचा उपयोग नाही.

मालक विचारतो, "डॉक्टर, याची नसबंदी कधी करायची?"

डॉक्टर तोंड उघडण्याआधी कायदा बोलतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळं बोलतो.

(दृश्य: निवाऱ्यातल्या पिंजऱ्यांची रांग.)

हे पिल्लू लॉस एंजेलिसचं असतं, तर मालकाला उशीर झालाय. तिथल्या महापालिकेनं २००८ साली ठरवलं की चार महिन्यांपुढच्या पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी झालेली हवी. सवलती आहेत: शर्यती-प्रदर्शनांतले कुत्रे, पोलिसांचे कुत्रे, डॉक्टरांचं पत्र असलेले. पण नियम म्हणजे नियम.

हेच पिल्लू नॉर्वेत असतं, तर डॉक्टरांनीच उलट विचारलं असतं, "कशासाठी?" तिथल्या २००९ च्या प्राणी-कल्याण कायद्यानुसार प्राण्याचं हित किंवा तसंच खास कारण असेल तरच खच्ची करता येतं. शेजारच्या स्वीडनमध्ये तर १९८८ पर्यंत वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्याच्या नसबंदीला बंदीच होती.

गंमत अशी, की दोन्हीकडे बोललं जातंय ते कुत्र्याच्या भल्याचंच. लॉस एंजेलिससमोर हे पिंजरे आहेत. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, ६३ दिवसांत विते, आणि एका वेळेला सहा-आठ पिल्लं सहज होतात. त्यांना घरं कुणी द्यायची? नॉर्वेचा भर दुसरीकडे. तिथे १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रा पट्ट्यानं बांधलेला किंवा कुंपणात ठेवण्याचा देशभर नियम आहे. पट्ट्याचं दुसरं टोक माणसाच्या हातात घट्ट असेल, तर चाकूची गरज कमी लागते.

(दृश्य: शस्त्रक्रियेची खोली. दिव्याखाली एक मादी.)

भूल चढली. पोटावरचे केस काढलेत. बेंबीखाली छोटासा छेद, त्यातून इंग्रजी वाय अक्षरासारखं गर्भाशय हळूच वर येतं. दोन्ही अंडाशयांपाशी रक्तवाहिन्यांना गाठी मारल्या जातात. या गाठी घट्ट बसल्या की अर्धं काम झालं.

मादीच्या बाबतीत माझं मन फारसं डळमळत नाही. माज संपल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आजार आहे, पायोमेट्रा. नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चारातल्या एकीला तो दहा वर्षांच्या आत गाठतो, असं स्वीडनच्या विमा-नोंदींत दिसलं. कुत्री खूप पाणी पिते, मलूल होते, आणि मग रात्री-बेरात्री धावपळ. तरीही फुकट काही नाही. काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळते. वजनही भराभर चढतं. ताटली तीच ठेवली तर सहा महिन्यांत पिंप होतं.

नराची गोष्ट मात्र निराळी.

(दृश्य: पुन्हा ते पिल्लू. डॉक्टरांचा हात मागच्या पायावर.)

हाडांची वाढ कधी थांबवायची, हा निरोप शरीराला लैंगिक हार्मोन देतात. ते लवकर काढून घेतले, तर हाडं जास्त काळ लांबत राहतात आणि सांध्यांचा मेळ बिघडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांत खुब्याचा दोष न केलेल्यांच्या दुप्पट निघाला. २०२० मध्ये त्यांनीच ३५ जाती पाहिल्या, तर लहान चणीच्या कुत्र्यांत असा फरक जवळजवळ दिसलाच नाही.

म्हणून 'चार महिने' हा एकच आकडा मला खटकतो. कायद्याला वय वाचता येतं, पंजे वाचता येत नाहीत. त्यापेक्षा अनेक शहरांची युक्ती बरी: नसबंदी झालेल्या कुत्र्याचा परवाना स्वस्त, न झालेल्याचा महाग. पिल्लांचा भार गावावर पडू शकतो, तर त्याचा वाटा उचला, आणि वेळ तुमची तुम्ही ठरवा.

आणखी एक गैरसमज. "खच्ची केला की शांत होईल." भटकणं, जागोजागी मुतणं बऱ्याचदा कमी होतं. पण जो भीतीनं गुरगुरतो, तो ऑपरेशननंतरही गुरगुरतो, कधी जास्तच. आणि महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवायचं. आधीचं बीज शरीरात उरलेलं असतं.

(दृश्य: पिल्लू टेबलावरून खाली उडी मारतं, घसरतं, उठतं.)

डॉक्टर कार्डावर लिहितात: वर्षानंतर पुन्हा दाखवा. मालक हुश्श करतो.

"तोवर काही करायचं?"

"हो. घरी गेल्या गेल्या फाटकाची कडी लागते का बघा."